आखूड पायाची फुली

गल्लीत तिला फौजदारीण म्हणत, आणि ते नाव तिला मनापासून आवडायचं. परसातल्या खुराड्यावर तर तिचंच राज्य होतं. पांढरी कोंबडी खुडूक होऊन अकरा अंड्यांवर फुगून बसली, त्या दिवशी फौजदारणीने नव्याकोऱ्या पेन्सिलीने प्रत्येक अंड्यावर फुली मारली. कारण बाकीच्या आगाऊ कोंबड्या पांढरीच्या पोटाखाली घुसून आपलीही अंडी तिथेच घालून मोकळ्या होत. रोज सकाळी पांढरीला उचलायचं, फुलीचं अंडं ठेवायचं, बिनफुलीचं उचलून स्वयंपाकघरात न्यायचं. मनगट मोडून वाकडं जुळल्यापासून तिच्या फुलीचा एक पाय आखूड पडे, त्यामुळे तिची नक्कल कुणाच्या बापाला जमली नसती.

सहाव्या सकाळी फुलीची अंडी बारा भरली.

"तुम्हीच मारली असेल, आई," सून म्हणाली. "विसरला असाल."

"मी? तुझ्या लग्नात कोण कोण रुसलं होतं, ते ओळीने सांगते. सांगू?"

सून हसली. दारात बूट घालणारा मुलगा मात्र हसला नाही. मागे खुराड्याचं दार उघडं राहून मुंगसाने लाल कोंबडी नेली, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं.

"आई, तुझ्या लक्षात राहत नाही आता. आणखी एक घोळ झाला, की कोंबड्या देऊन टाकू."

"दार मी लावलं होतं," ती ठणकावून म्हणाली. "कडी घातल्याचा आवाज अजून कानात आहे माझ्या."

तिने पेन्सिल लोखंडी पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. वीतभर लांब पेन्सिल ती. अकरा फुल्यांनी तिचं टोकही बोथट झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेरा.

एखादी घाबरली असती. फौजदारीण चिडली. आठव्या सकाळी तिने सुनेला हाताला धरून परसात आणलं, पालथ्या बादलीवर बसली आणि अंडं घालायला आलेल्या तपकिरी कोंबडीच्या मागे तळवा धरला. बऱ्याच वेळाने तपकिरीने अंग आवळलं. अंडं तळव्यावर पडलं, ओलं आणि ऊन ऊन. वरचा ओलावा उडाला, तशी टोकाशी फुली दिसू लागली. एक पाय आखूड.

सुनेने तोंडावर हात दाबला.

"बघितलंस?" फौजदारणीला हसू आवरेना. "आता सांग जा तुझ्या नवऱ्याला, डोकं कुणाचं ठिकाणावर आहे ते!"

सुनेने सांगितलं. मुलगा त्या अंड्याकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "राहू देत कोंबड्या." जिंकलेल्या माणसासारखी ती ओट्यावर ऐटीत बसली आणि केस सुनेपुढे मोकळे सोडले; वाकडा हात मागे पोचत नसल्याने वेणी सूनच घालून देई.

सुनेचा कंगवा मधेच थांबला.

"आई, तुमच्या मानेवर पेन्सिल कुणी चालवली? फुली आहे."

"फुलीचे पाय?"

"एक आखूड आहे."

फौजदारीण गर्रकन वळली. मग तिने सुनेची वेणी उचलून पाहिली. मान स्वच्छ होती. दारात मुलगा बुटाची नाडी बांधायला वाकला होता. त्याचीही.

फुलीचं ठेवायचं. बिनफुलीचं उचलायचं.

"थांब रे, बाहेर पडू नकोस!" ती ओरडली आणि पेटीकडे धावली. किल्ली कमरेलाच होती, कुलूपही जसंच्या तसं. झाकण उघडलं, तर तळाशी पेन्सिलीचं नखाएवढं थोटूक पडलं होतं, आणि त्यात शिसं उरलं नव्हतं.

"उशीर झालाय, आई," बाहेरून मुलाचा आवाज आला. "येतो मी."

फाटकाची कडी वाजली.