रिकाम्या ट्रकचं वजन

माझी बायको वजनकाट्यावर बसते. काट्यावर बसणं म्हणजे काय मोठंसं, असं लोकांना वाटतं. ट्रक लोखंडी फलाटावर चढतो, खोलीतल्या पेटीवर लाल आकडे उमटतात, बटण दाबलं की पावती निघते. पण लोकांच्या डोक्यात जशी गाणी राहतात, तसे हिच्या डोक्यात आकडे राहतात. आमच्या फाट्यावरून जाणाऱ्या दोनेकशे ट्रकांची रिकामी वजनं तिला तोंडपाठ आहेत. काट्याला लागूनच माझं टायरचं दुकान आहे, म्हणून ड्रायव्हर मंडळी तिला वहिनी म्हणतात.

डोंगरापलीकडे चार वर्षं लढाई चालली होती. ती थांबली तेव्हा आम्हीही हुश्श केलं. सैनिक आपापल्या घरी गेले, पण त्यांच्या हातातल्या बंदुका कुठे गेल्या, हे कुणी विचारलं नाही. आमच्या गावातल्या मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्या शेठने मदतीचे ट्रक सुरू केले. इकडून पीठ, औषधं, ब्लँकेटं जायची. येताना ट्रक रिकामे. शेठचे सत्कार झाले, गळ्यात हार घातलेला त्याचा फोटो बँकेतसुद्धा लागला. माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, त्याच्याकडेच ड्रायव्हर होता. आम्हालाही तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्याच वर्षी गावात बंदुका दिसायला लागल्या. आधी भांडण झालं तर शिव्या, फार तर काठ्या. आता गाडी कुठे लावायची यावरून दोघांची जुंपली आणि गोळी सुटली. ती लागली भाजी घेत उभ्या असलेल्या शाळेतल्या बाईंना, मांडीत. आमच्या लेकीच्या वर्गशिक्षिका त्या. बायको त्यांना दवाखान्यात भेटून आली आणि जेवताना घास हातात धरून बसली.

"शिलाई मशीनचा एक पट्टा मागवला तर आपल्याकडे यायला दोन आठवडे लागतात," ती म्हणाली, "आणि बंदूक अशी सहज कशी येते?"

याचं उत्तर तिनेच काढलं.

परतीच्या रिकाम्या ट्रकचं वजन कुणी करत नाही. पण ट्रान्सपोर्टच्या फाटकात शिरायला वाट आमच्या काट्यावरूनच. ट्रक जाता जाता थांबला की आकडा आपोआप दिसतो. शाळेतल्या बाईंना गोळी लागल्यानंतर ती या आकड्यांकडे नीट बघायला लागली. एक ट्रक माल भरण्याआधी रिकामा सहा हजार दोनशे चाळीस भरला होता. येताना सहा हजार पाचशे सत्तर. पुढच्या आठवड्यात दुसरा, तोही तीनशेने जास्त. सगळे नाहीत, पाचातला एखादा.

ती चौकीवर गेली. हवालदार हसला. "वहिनी, घाटरस्ता आहे. चिखल लागला असेल."

ती घरी आली ती तणतणतच. दुसऱ्या दिवशी घाटातून आलेला एक खडीचा ट्रक तिने माझ्या दुकानासमोर उभा करवला आणि माझ्या हातात खुरपं दिलं. चाकांचा, स्प्रिंगच्या पट्ट्यांचा, खालचा सगळा चिखल मी दुपारपर्यंत खरवडला. पोत्यात भरून तोलला. बेचाळीस किलो.

"बरं, डिझेल?" मी म्हटलं.

"जाताना टाकी भरलेली असते, येताना रिकामी. उलट कमी भरायला हवं. तूच सांग, टायरवाल्या, आणखी काय असतं?"

मी म्हटलं, "मागच्या चाकांवर भार दिसतो खरा. गेल्या महिन्यात शेठच्या दोन गाड्या रिकाम्या म्हणून आल्या, पण मागचे टायर दबलेले होते. रिकाम्या गाडीचे तसे दबत नाहीत."

त्या दिवशी तिने माझ्या चहात साखर जरा जास्तच घातली.

चार दिवसांनी, टळटळीत दुपारी, एक ट्रक काट्यावर चढला आणि आकडा आला तीनशे चाळीसने जास्त. स्टिअरिंगवर मेहुणा होता. मागे अकरा गाड्या रांगेत.

ती खोलीतून बाहेर आली. मी हातातला पाना तसाच घेऊन मागोमाग गेलो.

"गाडीत काय आहे?" तिने विचारलं.

"काय असणार ताई? रिकामी आहे."

"माझ्याकडे बघून सांग."

"आईची शपथ, रिकामी आहे. काय झालं?"

"तिकडे गाडी कुणाच्या ताब्यात असते?"

"माल उतरला की मुक्कामाला तिकडचे माल घेणारे लोक गाडी धुवायला नेतात. सकाळी परत देतात." बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. "किती जास्त आहे?"

तिने आकडा सांगितला. तो सीटवर मागे टेकला आणि त्याने दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

एवढ्यात ट्रान्सपोर्टच्या फाटकातून शेठचा मॅनेजर धावत आला. "काय खोळंबा लावलाय? काटा बिघडलाय तुमचा, वहिनी. सोडा गाडी."

"बिघडलाय का? मग आत्ताच तपासू."

काटा तपासायला वीस-वीस किलोची लोखंडी वजनं असतात. आमच्याकडे पंचवीस आहेत. तिने रांगेतल्या ड्रायव्हरना हाक मारली. हॉर्न वाजवून कंटाळलेली मंडळी उतरून आली. एकेक वजन ट्रकशेजारी फलाटावर ठेवलं जायचं आणि खिडकीतून लाल आकडा बरोबर वीसने वाढायचा. पाचव्या वजनापासून मंडळी मोठ्याने आकडे म्हणायला लागली. पंचविसावं ठेवलं तेव्हा पाचशे पुरे झाले होते, ना एक किलो इकडे ना तिकडे.

"आता सांगा," ती मॅनेजरला म्हणाली, "काटा खोटा की गाडी?"

मॅनेजर मेहुण्यावर खेकसला, "बघतोस काय? गाडी आत घे!"

मेहुण्याने इंजिन बंद केलं. खाली उतरला. चावी काढून बहिणीच्या हातात ठेवली. "ताई, ही धर. मला पण बघायचंय मी काय वाहतोय ते."

मागच्या हौद्यातल्या तळाच्या फळ्यांचे बोल्ट मीच खोलले. फळ्या जुन्या, बोल्ट मात्र नवे कोरे होते, त्यामुळे फार वेळ लागला नाही. खाली दुसरा पत्रा होता आणि मधल्या जागेत गुंडाळलेल्या बंदुका. एकाशेजारी एक, साठ. गुंडाळलं होतं त्या ब्लँकेटांवर मदतीचे शिक्के होते. आमच्याच गावाने थंडीसाठी पाठवलेली ब्लँकेटं ती. मॅनेजर कधी सटकला ते कुणाला कळलंच नाही. चौकीवरून तोच हवालदार आला. या वेळी हसला नाही.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. मेहुण्याला एकोणीस दिवस कोठडीत ठेवलं. सासूबाईंनी लेकीशी बोलणं टाकलं. ही रोज त्याला डबा घेऊन जायची आणि तिथून थेट काट्यावर. ट्रान्सपोर्टला सील लागलं तशी माझी निम्मी गिऱ्हाइकं गेली, एका सकाळी काट्याच्या खोलीची काचही फुटलेली मिळाली. तिने तिथे पुठ्ठा लावला आणि आठच्या ठोक्याला काम सुरू केलं. तिला भीती वाटली नाही असं नाही. रात्री दाराची कडी ती दोन-दोनदा तपासायची, मी पाहिलंय. पण एकही दिवस ती घरी बसली नाही.

कोर्टात शेठच्या वकिलाने विचारलं, "शिक्षण किती?"

"नववी."

"आणि दोनशे गाड्यांची वजनं तोंडपाठ?"

"विचारा."

त्याने जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यातून एका गाडीचा नंबर वाचला. तिने वजन सांगितलं. दुसरा वाचला, त्याचंही सांगितलं. सातव्याला न्यायाधीश बाई म्हणाल्या, "पुरे झालं, वकीलसाहेब, आता तुम्हीच हराल." सगळं कोर्ट हसलं. मी हसलो नाही, मला हसताच येईना. शेजारी मेहुणा बसला होता, निर्दोष सुटलेला. त्याने माझा गुडघा घट्ट दाबला. शेठला शिक्षा झाली. तिकडे लढाईत लढलेले दोन कप्तान त्याचे भागीदार निघाले. शस्त्रं जमा करायची म्हणून गावोगाव फिरून त्यांनीच ती विकायला काढली होती.

आता त्या रस्त्यावर परतीच्या प्रत्येक ट्रकचं वजन होतं. काटेवाल्यांना शिकवायला हिला डोंगरापलीकडे बोलावलं, तेव्हा मीही गेलो, तिची पिशवी धरून. त्या गावातल्या भिंतींवर अजून गोळ्यांची भोकं होती. काट्याच्या खोलीत एक पांढऱ्या मिशांचे आजोबा बसायचे. हिला पाहून ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली. "बसा बाई. आज इथे तुम्हीच बसायचं."

तिने आधी फडकं मागून खिडकीची काच स्वच्छ पुसली. मग बसली. बाहेर पहिला ट्रक काट्यावर चढत होता.