दहा पॉइंट चार

"ही बया एक तर सुटत नाही, आणि सुटली की थांबत नाही!"

माझी तोटी दोन बोटांनी पिळत तो मुलगा पुटपुटला. त्याचं नाक माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं, त्यामुळे पुढचा शब्दही मी ऐकला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

ती बया म्हणजे मी. मित्रांनो, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सात नंबरच्या टेबलावर, लोखंडी स्टँडच्या चिमट्यात गेली एकोणीस वर्षं मी उभी आहे. मला ब्युरेट म्हणतात. दीड हात उंचीची काचेची नळी, अंगावर शून्यापासून पन्नास मिलिलिटरपर्यंत बारीक रेघा आणि खाली काचेचीच तोटी. माझ्या पोटात अल्कली भरतात, खालच्या फ्लास्कमध्ये आम्ल ठेवतात. तोटी उघडून थेंब थेंब सोडायचा. एक थेंब असा येतो, की फ्लास्कमधलं पाणी एकदम गुलाबी होतं. तिथे हात आवरायचा आणि पाणी माझ्या कुठल्या रेघेपर्यंत उतरलं ते वाचायचं. त्या आकड्याला रीडिंग म्हणतात, आणि पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं असतं.

तोटी आखडते हे मात्र खरं. अल्कली काचेला धरून बसते. काम झाल्यावर धुऊन ठेवलं तर नाही आखडत. पण तास संपल्याची घंटा झाली की हात धुतले जातात, मी नाही.

माझा जन्म भट्टीतला. लालभडक काच ओढून कारागीर नळ्या काढत होता आणि नेमकी माझ्याच वेळी त्याला शिंक आली. मी केसभर अरुंद झाले. रेघा पाडणाऱ्या यंत्राला ते कुठून कळणार? त्याने माझ्या बहिणींना पाडल्या तशाच मला पाडल्या. तपासणीच्या बाई दर दहावी नळी पाण्याने भरून बघत. मी अकरावी होते.

म्हणून माझ्या अंगावर जिथे दहा लिहिलंय, तिथपर्यंत पाणी उतरलं तरी खरं दहा पडलेलं नसतं. जरा कमीच पडतं. खरं दहा पडायला दहा पॉइंट चारपर्यंत उतरावं लागतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सांगणार कोणाला? मला तोंड आहे, पण ते नरसाळं लावायला.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. नवी कोरी, रेघा ठसठशीत, तोटी लोण्यासारखी फिरायची. आत्ताचे विभागप्रमुख सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. डोक्यावर केस भरपूर आणि उत्साह त्याहून जास्त. प्रत्येक टेबलापाशी जाऊन ते मुलांना रीडिंग घ्यायला शिकवायचे. पण एकेका टेबलाशी इतके रमायचे, की सहाव्या टेबलावर घंटा व्हायची. सातव्यापर्यंत ते कधी पोचलेच नाहीत. पुढे वर्ग वाढले, जर्नलांचे गठ्ठे वाढले आणि सर खुर्चीतून सही करू लागले. माणूस वाईट नाही हो. फक्त थकला.

मग दहाची सवय लागली. प्रयोगशाळा सांभाळणारे मामा दरवर्षी द्रावणं त्याच मापाने बनवतात, त्यामुळे उत्तर दरवर्षी दहाच. गेल्या वर्षीचं जर्नल या वर्षीच्या मुलांकडे आपोआप येतं. रीडिंग तीनदा घ्यायचं असा नियम आहे, म्हणून हुशार मुलं तोटीला हात लावण्याआधीच तीन आकडे लिहून मोकळी होतात. दहा पॉइंट एक, दहा, दहा. पहिलं मुद्दाम जरा चुकवायचं, म्हणजे खरं वाटतं. मामा फेरी मारताना विचारतात, "दहा आलं का रे? नाही? येईल, येईल. लिहून टाक तोवर." त्यांचाही जीव प्रयोगशाळेला कुलूप लावण्यात अडकलेला असतो.

माझ्यावर शेकडो मुलांनी काम केलं. सगळ्यांचं दहा आलं.

एकीचं सोडून.

वर्गापेक्षा मोठी म्हणून तिला सगळे ताई म्हणतात. घरातल्या आजारपणामुळे शिक्षण थांबलं होतं, ते तिने दोन वर्षांनी पुन्हा धरलं. मागच्या परीक्षेत ती माझ्यासमोर उभी राहिली, गुडघे वाकवून डोळा पाण्याच्या पातळीला आणला आणि दिसलं ते लिहिलं. दहा पॉइंट चार. तीनदा घेतलं, तीनदा तेच. मला इतका आनंद झाला, की तोटीतून एक थेंब जास्त गेला असता! सरांनी जर्नल पाहिलं, आकड्यावर लाल रेघ मारली. पुढचं गणितही मग चुकीचंच. ती काठावर होती, पडली.

यंदा ती पुन्हा आली. आखडू तोटीमुळे सात नंबर आपणहून कोणी घेत नाही, ती रांगेत मागे होती, म्हणून पुन्हा मीच तिच्या वाट्याला. तिचा जोडीदार तो नाकवाला मुलगा. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही.

"घरी काय म्हणतात?" एकदा त्याने तिला विचारलं.

"दादा म्हणतो, यंदाचं शेवटचं. नाही झालं तर घरी बस."

"मग दहा लिही आणि सूट की!"

"हो," ती म्हणाली. "यंदा दहाच."

काचेला काही लागत नाही म्हणतात. मला लागलं.

यंदाच नव्या मॅडम आल्या. मुलं रसायनशास्त्र पाठ करतात पण त्यांना ते कळत का नाही, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यांनी दोन बॅच केल्या. एकीला नेहमीसारखं शिकवायचं: फळ्यावर कृती, तशीच करा, लिहा, निघा. दुसरीला आधी विचारायचं, काय होईल असं वाटतं? का वाटतं? फ्लास्कमधले कण कागदावर काढून दाखवा. मग प्रयोग, मग आपसात भांडण. रेडिओने आम्लाच्या कणांना मिशा काढल्या होत्या. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं, मग अल्कली आल्यावर या मिशांचं काय होतं?" आणि रेडिओ चक्क दहा मिनिटं गप्प बसून विचार करत होता. मी घड्याळ पाहिलंय.

पण सहामाही संपली तेव्हा दोन्ही बॅचची जर्नलं सारखी. सगळीकडे दहा. ही पद्धत पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांना लावायची की गुंडाळायची, ते प्रमुख सर ठरवणार होते.

"मॅडम, तुमची मेहनत दिसतेय," सर माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले. "पण यांचंही दहा, त्यांचंही दहा. मग फरक काय पडला?"

 सर गेल्यावर मॅडम दोन्ही बॅचची जर्नलं शेजारी शेजारी ठेवून पुन्हा चाळत बसल्या.

जर्नलांशिवाय त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती. प्रयोग करताना मुलांनी मनातलं मोठ्याने बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता होता, आणि टेबलावर छोटा रेकॉर्डर ठेवलेला असायचा. हातात काम असलं की माणसाला आपण काय बोलतोय याचं भान राहत नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ताईला बोलावलं आणि तिचाच आवाज तिला ऐकवला.

"...गुलाबी झालं. थांबले. आता वाचते. दहा पॉइंट चार दिसतंय. म्हणजे दहा. दहा लिहिते."

मॅडमनी तो तुकडा पुन्हा लावला. "दिसतंय दहा पॉइंट चार. मग म्हणजे दहा कसं गं?"

ताई हातून काहीतरी सांडल्यासारखं टेबल पुसू लागली.

"रागवत नाहीये. मला खरंच कळत नाहीये, म्हणून विचारते."

"मागच्या वर्षीही हेच दिसलं होतं आणि तेच लिहिलं होतं, मॅडम," ती म्हणाली.  दोन वर्षं तोच आकडा, म्हणून मॅडमनी नळीच तपासायची ठरवली. त्यांनी मला चिमट्यातून काढलं, कोमट पाण्याने धुतलं, तोटी सोडवून पुसली. कित्येक वर्षांनी मी मोकळी फिरले. मग साधं पाणी भरून माझ्या रेघेने दहापर्यंत सोडलं आणि ते वजनकाट्यावर ठेवलं. दहा मिलिलिटर साधं पाणी दहा ग्रॅम भरायला हवं. भरलं नऊ पॉइंट सहा.

मॅडमनी सरांना बोलावलं, ताईचं मागच्या वर्षीचं जर्नलही समोर ठेवलं. अख्खी बॅच उभी होती. सर म्हणाले, "काटा बघा, काटाच बिघडला असेल." मग स्वतः पाणी भरलं, स्वतः सोडलं. नऊ पॉइंट सहा. पुन्हा नऊ पॉइंट सहा. शेजारच्या सहा नंबरच्या ब्युरेटने सोडून पाहिलं, तर बरोब्बर दहा.

"काचेचं काय सांगावं!" मामा घाईने म्हणाले. "उद्याच्या उद्या दुसरी बसवतो, सर."

"नवीन मागवा. विषय संपला," सर म्हणाले.

"ब्युरेटचं जाऊ द्या सर," मॅडम हळूच म्हणाल्या. "या टेबलावर इतक्या वर्षांत एवढ्या मुलांचं दहा आलं. ते कसं आलं?"

 रेडिओ बुटाची नाडी तपासत होता. मामांना खोकला आला. मॅडम स्वतःच्या वहीकडे बघत होत्या, कारण त्यांच्या नव्या पद्धतीच्या बॅचनेही तेच केलं होतं. ताई भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्याकडे सोडून सगळे सगळीकडे बघत होते.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर तेव्हा एवढंच म्हणाले असते. काम झालं की मला दोनदा साध्या पाण्याने धुवा, तोटी पुसून ठेवा. फार वेळ लागत नाही. आणि मला वाचायचं असेल तर खरंच वाचा. मी चुकीची आहे, कबूल. पण माझी चूक उघडी पडायला कोणीतरी माझ्याकडे बघायला तर हवं! नुसतं दहा लिहून टाकणाऱ्यांनी मला सांभाळलं नाही, झाकलं. जिने बघितलं, तिला शिक्षा झाली. आणि ती आता न बघायला शिकत होती, हे माझ्या अरुंदपणापेक्षा मोठं नुकसान.

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पण पुन्हा लावला नाही. मामा म्हणाले, "सर, घंटा झाली." सर हलले नाहीत. ते ताईकडे वळले. सगळा वर्ग ऐकत होता, तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही.

"तुझं रीडिंग बरोबर होतं," ते म्हणाले. "मी न बघता तुला नापास केलं."