मागच्या लिफ्टचं ऐकणार कोण

मित्रांनो, आमच्या इमारतीत आरसा आणि पंखा असलेली एक झकास लिफ्ट आहे. ती मी नव्हे. मी मागची, जुनी. कचऱ्याच्या बादल्या, सामानाची खोकी आणि घरकामाला येणारी माणसं यांची ने-आण मी करते. मला बसवणाऱ्या कारागिराने माझ्या दारावर थाप मारून म्हटलं होतं, हिच्यात हत्तीचं बळ आहे. बळ राहिलं, कौतुक आटलं. माझी धोक्याची घंटा बिघडली, तेव्हा सगळे 'बघू' म्हणाले. ज्यांच्या 'बघू'वर इमारत चालते, ते माझ्यातून कधी जात नसत.

एका दुपारी पाचव्या मजल्यावरचं बाळ सांभाळणारी मावशी त्याला बागेत न्यायला निघाली. बाळ कडेवर असलं की तिला पुढची लिफ्ट चाले. पण त्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या बाई पाहुण्यांसोबत उभ्या होत्या. त्या गोड हसून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मागून या ना, प्लीज."

म्हणून मावशी माझ्यात शिरली. थोडं उतरले आणि मी दोन मजल्यांच्या मध्येच अडकले. दिवाही गेला.

मावशीचा फोन घरी चार्जिंगला होता. तिने घंटा दाबली, दाबूनच धरली. मग बाळाच्या पाण्याची स्टीलची बाटली घेऊन ती दार ठोकू लागली. बाळाला तो खेळच वाटला. हसून हसून ते तिच्या खांद्यावर पेंगुळलं.

बाहेरचं बोलणं मला पोकळीतून स्पष्ट ऐकू येतं. बाळाची आई कामावरून आली, बागेत गेली, धावत परतली. पहारेकरी म्हणाला, कामाच्या बायका येतात-जातात, कुणाकुणाकडे बघणार? आईने शेजारच्या बाईंना गाठलं.

"नाही गं, मला कुणीच दिसलं नाही," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्या खोटं बोलत नव्हत्या. मला त्याचीच धडकी भरली.

मग कुणीतरी म्हणालं, पळवलं असेल, पोलिसांना बोलवा. तिने नेसलंय काय? दिसते कशी? कुणी म्हणे उंच, कुणी म्हणे ठेंगणी. दीड वर्षं घरात वावरलेल्या बाईचा चेहरा आईलाही धड सांगता येईना. इकडे ठकठक चालूच होती.

"मागे कसलं काम काढलंय? थांबवा म्हणावं जरा," बाहेर कुणीतरी वैतागून म्हणालं.

ते मावशीने ऐकलं आणि बाटली खाली ठेवली. आत हवा कोंदली होती. बाळाचे केस घामाने चिकटले होते. तिने ते हलकेच मागे सारले आणि त्याच्या मांडीला करकचून चिमटा काढला.

"रड राजा," ती म्हणाली. "तुझं ऐकतील."

बाळाने टाहो फोडला. जिन्यात लगेच पावलं धडधडली. पहारीने माझं दार उघडलं गेलं, बाळ वर ओढून घेतलं गेलं. पाणी आलं, रुमाल आले, वारा घालायला वर्तमानपत्र आलं. मावशी माझ्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेलीच होती. तिला हात द्यायचं राहूनच गेलं.

आईला मांडीवरचा लाल वळ दिसला. "हे कुणी केलं?"

"मी केलं, ताई." मावशीचा घसा सुकला होता. "कधीची ठोकत होते. माझं कुणाला ऐकूच गेलं नाही."

 आई गुडघ्यांवर बसली आणि तिने मावशीला हात दिला.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर नवी पाटी लागली. लहान मुलांना या लिफ्टमधून नेऊ नये.

मावशीने ती वाचली आणि झाडूवाल्या काकांना म्हणाली, "चला, मुलं तरी सुटली."

काका हसले. दोघंही माझ्यात चढली. जाणार कुठे?

मित्रांनो, माझी घंटा अजून मुकी आहे. माणसं आत असली की मी जीव मुठीत धरून वर-खाली करते. तुमच्याही इमारतीत मागे कुठेतरी माझी बहीण असेल. तिकडून ठोकल्याचा आवाज आला, तर काम चाललंय असं समजून पुढे जाऊ नका. दाराला कान लावा आणि विचारा, आत कोण आहे?