मॅडमचा आवाज बसला तेव्हा

सत्यशीला मॅडमचा आवाज बसावा तो नेमका त्याच दिवशी. एरवी त्या शिकवायला लागल्या की फुलसावंगीच्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही बाराखडी पाठ व्हावी. आज मात्र घशातून नुसती हवा. आणि आज तर देवसिंगला समजवायचं होतं, की बाबा रे, पोरीला शाळेतून नेऊ नको.

कापसाचा भाव पडलेली ती सालं. वेचणीला मजूर लावणं कोणाला झेपत नव्हतं, म्हणून दिवाळी सरली की घरोघरची पोरं दप्तर ठेवून वावरात जायची. तांड्यावरचा देवसिंग तेवढा अडून होता. आपली जमनी शिकत असेल तर शिकू दे, म्हणायचा. पण परवा तिसरीची वाचनाची चाचणी झाली आणि कागदावर जमनीच्या नावापुढे मॅडमनी लिहिलं, वाचता येत नाही. न लिहून करतील काय? पोर पुस्तक धरून उभी राहिली, ओठ हलवले, आणि तोंडातून एक अक्षर नाही. घरी तिची गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा. मराठी बोलली की गावातली पोरं हसायची, म्हणून तिने तोंड उघडणंच सोडलं होतं. देवसिंगला चाचणीचं कळलं. त्याने निरोप धाडला, उद्या येऊन घेऊन जातो.

वर्गात वाऱ्याने धूळ भरली होती. बोलता येईना, म्हणून मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'खिडकी लावा.'

वर्गाने काय करावं? हाताची घडी घातली आणि छप्पर हलेल अशा सुरात वाचून काढलं, खिडकी लावा! गोविंदा तर दोनदा ओरडला. चाचणीत तोच पहिला आला होता. खिडकी उघडीच. मॅडमनी वाक्याखाली रेघ ओढली, तर पोरांनी आधीपेक्षा जोरात वाचलं. फळ्यावरचं म्हणून दाखवायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. मॅडमनीच तशी सवय लावलेली.

मागच्या रांगेतून जमनी उठली. खिडकी लावली, कडी घातली आणि जागेवर येऊन बसली.

मॅडम बघतच राहिल्या. अगं बाई, म्हणजे परवाची चाचणी सगळी उलटीच झाली की!

तेवढ्यात देवसिंग दारात उभा. "मॅडम, बोंडं फुटून राह्यली. पोरीले नेतो."

मॅडमनी गळ्याकडे बोट दाखवलं आणि त्याला खुर्ची दिली. वर्गाला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मग लिहिलं, 'जमनी, बाबांना पाणी दे.'

जमनीने माठातून पेला भरला आणि बापापुढे धरला. तो घटाघटा प्याला, मग चमकला. "मले तहान लागली हे हिले कोणं सांगतलं?"

मॅडमनी फळा दाखवला. पण माणूस मोठा चिकट. "तुम्ही इशारा केला असन. आता मी सांगतो ते लिहा, अन् तोंड फिरवून उभ्या राहा." असं म्हणून तो त्यांच्या कानाशी पुटपुटला.

मॅडमना ते लिहवेना. तरी त्यांनी लिहिलं, 'जमनी, दप्तर घे, वेचणीला चल,' आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

जमनीने वाचलं. डोळे भरून आले. दप्तर उचलून तिने छातीशी धरलं, पण जागची हलली नाही. मग फळ्यापाशी गेली, मॅडमच्या हातातला खडू घेतला आणि त्या वाक्याखाली हळूहळू काहीतरी लिहिलं.

देवसिंग एकदा फळ्याकडे बघे, एकदा मॅडमकडे. "काय लिवलं हिनं?"

मॅडम वळल्या, त्यांनी वाचलं, आणि सांगायला आवाज नाही. त्यांनी वर्गाकडे बघून नुसता हात वर केला. सगळी पोरं एका दमात ओरडली, "रविवारी येतो, बा!"

देवसिंग लेकीकडे बघत राहिला. दाबून धरलेलं हसू त्याला आवरेना.

"रविवारी तं रविवारी," तो उठत म्हणाला. "पण मॅडम, तुमच्या त्या कागदावरचं आधी खोडून टाका."

आणि वेचणीची झोळी खांद्यावर टाकून तो एकटाच वावराकडे निघाला.