सरांची वाट पाहणारी पेशी

आमच्या सरांच्या म्हणण्यानुसार जगात एक पेशी अशी होती, जी फक्त त्यांना ओळखायची. प्रौढ उंदराच्या मेंदूत, मिशांचा स्पर्श जिथे पोचतो त्या भागात, पृष्ठभागाखाली पाऊण मिलिमीटरवर ती राहायची. मी किंवा ताईने ब्रशने मिशी हलवली, तर स्पीकरमधून दोन-चार टिकटिक यायच्या. सरांनी हलवली की नुसता तडतडाट. उंदीर बदलला तरी हेच. म्हणजे खास सरांसाठी प्रत्येक उंदरात अशी एक पेशी जन्माला येत होती.

ताई प्रयोगशाळेतली सर्वांत जुनी विद्यार्थिनी. केसापेक्षा बारीक तार उंदराच्या मेंदूत उतरवायची आणि एकेका पेशीची विजेची टिकटिक नोंदवायची, हे ती सहा वर्षं करत होती. प्रबंध देण्याचा शेवटचा दिवस सोमवार. अडलं होतं सरांच्या सहीवर, आणि सही अडली होती चौथ्या प्रकरणावर. त्यात सरांची पेशी यायलाच हवी होती.

मी पदवी घेऊन नुकतीच तिथे लागले होते. काम नोंदी तपासण्याचं. मिशीजवळ प्रकाशाचा एक किरण सोडलेला असतो. ब्रश मिशीला लागताना तो तुटतो आणि स्पर्शाची वेळ नोंदली जाते. तिथून मेंदूपर्यंत निरोप जायला थोडा वेळ लागतो. माझ्या आणि ताईच्या हाताला पेशी स्पर्शानंतर आठ मिलिसेकंदांनी उत्तर देत होती. सरांच्या हाताला ती स्पर्शाच्या चाळीस मिलिसेकंद आधीच उत्तर देऊन मोकळी होत होती.

हे सरांना दाखवलं. वाटलं, चपापतील. ते खुर्चीत मागे रेलले.

"अपेक्षा," ते म्हणाले. "प्रौढ मेंदूही शिकतो, तो असा. माझा हात येतोय हे तिला आधीच कळतं."

उंदीर भुलीखाली निपचित पडलेला होता. पंजा चिमटला तरी हलत नव्हता. सरांची वाट मात्र बघत होता.

त्यानंतर मी उंदराकडे बघणं सोडलं आणि सरांकडे बघायला लागले. ते उजव्या मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं जाडजूड घड्याळ बांधतात. हात मिळवणाऱ्याच्या डोळ्यांत भरावं म्हणूनच असणार. ब्रश पुढे नेताना ते मनगट टेबलाच्या लोखंडी चौकटीवर टेकवतात. पट्टा चौकटीला घासला की तारेत गोंगाट शिरतो आणि स्पीकर तडतडतो. ब्रश मिशीपर्यंत पोचतो तो नंतर. सरांची लाडकी पेशी त्यांच्याच मनगटावर होती.

डबा खाताना मी ताईला सगळं सांगितलं. ती शांतपणे जेवत राहिली.

"मला दोन वर्षांपासून माहितीये," ती म्हणाली.

तोवर मी फक्त सरांची कीव करत होते. आता तिचीही करायला लागले. बोलली का नाहीस, असं विचारलं. तिने डब्याचं झाकण लावलं.

"सही कोणाची हवीये, बाई?"

मी म्हटलं, मग लिही चौथं प्रकरण. लिही की बेशुद्ध उंदीर सरांच्या प्रेमात पडला होता. सही मिळेल, वर पेढेही मिळतील. ती उठून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शनिवारी सकाळी आले, तर चौथं प्रकरण छापून तयार होतं. त्यात तिने स्वतः नोंदवलेल्या त्रेचाळीस पेशी होत्या. हात कोणाचाही असो, सगळ्यांचं उत्तर आठ मिलिसेकंदांच्या आसपास. सरांचं आणि घड्याळाचं नावही नव्हतं. प्रबंध तिने प्रयोगाच्या टेबलावरच, चौकटीला लागून ठेवला होता. उंदीर नव्हता. तारेचं टोक मिठाच्या पाण्याच्या वाटीत बुडवलेलं, स्पीकर चालू, संगणकावर नोंद चालू.

सर आले. पेन काढून त्यांनी थेट चौथं प्रकरण उघडलं. पानं उलटता उलटता चेहरा आंबट झाला.

"यात माझी पेशी कुठाय?" म्हणत त्यांनी मनगट चौकटीवर टेकवलं.

स्पीकर तडतडला. सरांनी हात हलवला, पुन्हा तडतडला. मग त्यांनी तार कुठे जाते ते पाहिलं, आणि वाटीकडे बघत राहिले.

"सर, ती पाण्यातसुद्धा तुम्हाला ओळखते," ताई म्हणाली. आवाज इतका आदराचा होता की मला खाली बघावं लागलं.

पडद्यावर सरांच्या हाताच्या हालचाली वेळेसकट उमटत होत्या. त्यांनाही त्या दिसत होत्या.

"तो स्पीकर बंद कर. डोकं उठतं," सर म्हणाले.

"सही झाली की करते."

त्यांनी पहिलं पान ओढलं आणि सही केली. सही लांबलचक, दोन वेलांट्या आणि खाली रेघ. प्रत्येक फटकाऱ्याला स्पीकर तडतडत गेला. तारीख लिहायला त्यांनी घड्याळात पाहिलं. मनगट चौकटीवरून उचललं गेलं आणि पेशी गप्प झाली.