दोन बोटांची शिट्टी

मला नवीन काही जमलं की आमच्या घरात एक खोली वाढते. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मधोमध.

पहिली वाढली ती भोपळा पोखरता आला तेव्हा. मिरजेत सतारींना लागतात तसले कडू भोपळे. पिठाच्या गिरणीच्या दारावर कागद चिकटवला होता, ‘प्रौढांसाठी वर्ग, अनुभव नको’. अनुभव नको म्हणणारं कुणी मला पन्नाशीपर्यंत भेटलं नव्हतं. भोपळा न फुटता पोकळ झाला आणि घरी आले तर मध्ये एक गोल खोली. झाडून घेतली, पोळ्यांना लागले.

मग नावाड्यांच्या गाठी, पत्त्यांचा बंगला, घुबडाला हाक मारणं. गावात इतकं काही शिकवतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. खांबाखांबावरचे कागद वाचत मी बाजारात जायची आणि भाजी विसरून यायची.

आमचे हे, श्रीधरपंत, पुढच्या खोलीत खुर्चीत असतात. गुडघ्यामुळे फार चालवत नाही.

“चहा गार आलाय,” ते म्हणाले.

“वाटेत घुबडांची खोली लागते.”

“एखादा वर्ग सोडून बघ की.”

पत्त्यांचा सोडून पाहिला. खोली गेली नाही, नुसती रुसल्यासारखी अंधारली. जाताना मी भिंत चाचपत जाऊ लागले. तेव्हा तेच म्हणाले, “जा बाई वर्गाला. उजेड बरा.”

पण त्यांची हाक आता पोचेना. परवा ते खुर्चीतून घसरले, ते मला चहा घेऊन गेल्यावर कळलं. जमिनीवर बसून पेपर वाचत होते.

“येशील म्हटलं,” म्हणाले.

त्याच दुपारी मी शिट्टीचा वर्ग लावला. तोंडानं, दोन बोटं घालून, मैदानापार जाईल अशी शिट्टी. शिकवणारे घोरपडे सर कबड्डीचे जुने पंच.

“या वयात शिट्ट्या मारणार?” शेजारच्या मालूताईंनी विचारलं.

“इतकी वर्षं घरात कुकर एकटाच मारतोय,” मी म्हटलं.

वर्गात नुसती हवा निघायची.

“जीभ मागं घ्या, वहिनी,” घोरपडे सर म्हणाले. “सकाळच्या तुकडीत एक गृहस्थ आहेत. गुडघा धरून रिक्षानं येतात. आज त्यांची अगदी ओठांवर आली होती.”

“ते कशाला शिकतात?”

“घरची मंडळी आत लांब गेलीय म्हणतात.”

मी जवळजवळ पळतच घरी आले. हल्ली मागच्या दारानंच, थेट स्वयंपाकघरात येते. सवयीनं कुकर चढवला, पण तो बोलायच्या आधीच बंद केला आणि कान दिला.

लांबून शिट्टी आली. गोल, स्वच्छ. मला हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांना जमलं होतं.

लगेच घुबडांच्या खोलीपलीकडे भिंती सरकल्याचा आवाज झाला. दुसरी शिट्टी तितकीच स्वच्छ होती, पण बारीक. तिसरी त्याहून बारीक, थोडी घाबरल्यासारखी.

उत्तर द्यायलाच हवं होतं. मी हात धुतले, पदराला पुसले. जीभ मागं घेतली, दोन बोटं तोंडात घातली. या वेळी लागणार हे माझ्या ओठांना कळलं होतं.

शिट्टीच्याही आधी ओट्याशेजारच्या कोऱ्या भिंतीला नव्या दाराची कडी फुटली.