एकाच होडीवरची दोन इंजिनं

सासूबाईंचा एक नेम होता. सकाळची पहिली होडी धक्क्यावरून सुटेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मनात नामस्मरण चालू, हात चहाच्या आधणात, आणि काही सांगायचंच झालं तर चमचा भांड्यावर आपटायचा. एकदा आपटला की ‘चहा झाला’, दोनदा आपटला की ‘गार होतोय’. तिसऱ्यांदा आपटला तर ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

त्या दिवशी पहिली होडी दोन तास उशिरा सुटणार होती.

“रोजच असा उशीर झाला तर घराला किती बरं वाटेल,” मिस्त्री कपात बघत म्हणाले. चमचा तीनदा वाजला.

सूनबाई हसली, पण तिचा चहा कपातच निवत होता. मिस्त्री म्हणजे तिचे सासरे. नवरा मोठ्या जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. त्यामुळे घरची प्रवासी होडी ती स्वतःच चालवायची. धक्क्यावर अशा आठ होड्या होत्या आणि आठही होड्यांच्या पाठीला जुनी टू-स्ट्रोक इंजिनं लटकलेली होती. ती सगळी मिस्त्रींच्या हातांवर जगत होती. धक्क्याच्या तोंडाशी त्यांचा गाळा. आत जुन्या प्लगांनी भरलेले डबे, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले इंजिनांचे पंखे, आणि साबणाने कितीही घासली तरी तेलकटच राहणारी एक खुर्ची. लांबून येणाऱ्या होडीचा नुसता आवाज ऐकून ते सांगायचे, “ह्याचा कार्बोरेटर साफ करायला झालाय.” होडी धक्क्याला लागेपर्यंत पाना हातात तयार असायचा.

आता कंपनीचा माणूस नवं फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, जुन्याला जेवढं पेट्रोल लागतं त्याच्या दोन तृतीयांशात हे तेच काम करतं. आठही होडीवाल्यांनी ठरवलं, चाचणी घ्यायची. नवं खरंच इतकं कमी पेट्रोल पीत असेल तर एकेक करून सगळ्यांनी बदलायचं. आणि त्या नव्या इंजिनात काही बिघडलं तर कंपनीचं यंत्र लावल्याशिवाय आतलं काही कळत नाही, असं तो माणूसच अभिमानाने सांगत होता. तेव्हा आठ इंजिनं बदलली की गाळ्याचं शटर कशासाठी उघडायचं, हा प्रश्न धक्क्यावर सगळ्यांना दिसत होता. बोलत मात्र कुणी नव्हतं.

चाचणीसाठी सूनबाईचीच होडी निवडली होती; आजचा उशीर त्यासाठीच. अट मिस्त्रींनीच घातली.

“होडी तीच, चालवणारी तीच, वाट तीच. पलीकडच्या बेटाला वळसा घालून परत. प्रवाशांऐवजी वाळूच्या बारा गोण्या, नांगर, टाकी, पाण्याचे कॅन, सगळं जसंच्या तसं. एक गोणी इकडची तिकडे झाली तरी चाचणी बाद. उगाच नंतर कुणी म्हणायला नको, की म्हाताऱ्याने हातचलाखी केली.”

“तुम्हाला कोण म्हणणार तसं?” सावकाश म्हणाला. होडीवाल्यांत तो वयाने मोठा. कुठल्याही प्रश्नाला ‘सावकाश बघू’ असं उत्तर देत देत त्याला हेच नाव चिकटलं होतं.

“कुणी म्हणत नाही म्हणूनच अट घालायची असते.”

पहिली फेरी जुन्या इंजिनाची. सव्वीस वर्षांचं ते धूड. पेट्रोलमध्ये तेल मिसळून त्याला पाजायचं, दोरी ओढायची, की आधी निळा धूर आणि मग आवाज. हा आवाज सूनबाईच्या इतका अंगवळणी पडला होता, की घरी निजल्यावरही तिच्या कानात तो चालू असायचा. ती वळसा घालून आली. निघताना टाकी काठोकाठ भरलेली होती. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर लिटरच्या मापाने ती पुन्हा काठोकाठ भरली. अठरा लिटर लागलं.

मग जुनं उतरवून नवं चढवलं. उतरवताना दोन माणसं लागली होती, चढवताना तीन.

ती धक्क्यापासून दूर गेली आणि थक्क झाली. काही वाजतच नव्हतं. कडेने पाणी सरकल्याची सळसळ ऐकू येत होती. इतक्या वर्षांत ती तिला पहिल्यांदाच ऐकू आली. धूर नाही, डोळ्यांची आग नाही. तिला ते आवडलं, आणि आवडल्याचा रागही आला. पण बेटाकडे जाताजाता तिला आणखी एक गोष्ट जाणवली. होडीचं नाक वर आलं होतं. समोरचं बघायला तिला अर्धवट उभं राहावं लागत होतं आणि मागे पाणी नांगरल्यासारखं उलटंपालटं होत होतं. होडी पळत नव्हती, ओढली जात होती. मागे काहीतरी जड होतंय, हे तिला समजलं. समजलं, आणि ती गप्प बसली. जसंच्या तसं, ही मामंजींचीच अट ना? मग आपण कशाला बोलायचं?

पुन्हा माप. साडेसोळा लिटर.

“दीड लिटर,” सावकाश म्हणाला. “दीड लिटरसाठी कोण एवढा खटाटोप करतंय? जुनंच बरं आपलं.”

“कागदावर तर एक तृतीयांश कमी होतं,” कुणीतरी कंपनीच्या माणसाला ऐकवलं. “कागद भिजला वाटतं.”

सगळे हसले. तो माणूस घामाघूम होऊन माहितीपत्रक उलटसुलट करत होता. सूनबाईने डोळे मिटून मनात हात जोडले. गाळा वाचला.

सासूबाई एव्हाना धक्क्यावर आल्या होत्या. त्यांचं मौन कधीच सुटलं होतं. “मी म्हणतच होते,” त्या म्हणाल्या. म्हणत नव्हत्या, पण त्यांना अडवायला कोण जाणार? “नाकापेक्षा मोती जड. तिघांनी उचलायचं इंजिन म्हणे.”

मिस्त्री हसले नाहीत. ते सुनेकडे बघत होते.

“सूनबाई, येताना समोरचं नीट दिसत होतं का?”

तिला वाटलं, सांगावं, दिसत होतं. एका शब्दाचं काम. पण हा माणूस ‘प्लग काल बदललाय’ असं म्हणाला, की तो कालच बदललेला असायचा; असल्या माणसासमोर तिची जीभ रेटेना.

“उभं राहावं लागलं,” ती म्हणाली. “नाक वर होतं.”

“जाताना पण?”

“जाताना पण.”

मिस्त्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं. “मग ही चाचणी खोटी.”

“मामंजी,” ती हळूच म्हणाली, “सगळं जसंच्या तसं होतं. तुम्हीच सांगितलं होतं.”

“तिथंच चुकलो. ही होडी सव्वीस वर्षं ह्या जुन्याच्या अंगाने भरलेली आहे. नांगर मागे, टाकी मागे, कॅन मागे, कारण हे हलकं होतं, खपून जायचं. हे नवं त्याच्यापेक्षा कितीतरी जड. मागचं सगळं ओझं तसंच ठेवून वर हे बसवलं. एकाचा सदरा दुसऱ्याला घातला आणि म्हणालो, बघा, काखेत उसवतो.” ते कंपनीच्या माणसाकडे वळले. “आणि इंजिनाचा कोन? कारखान्यातून आला तसाच ठेवलात ना?”

“हो,” तो म्हणाला. “बदलायचा असतो?”

“होडी बघून बदलायचा असतो.”

सासूबाईंनी त्यांची बाही ओढली. “अहो, निकाल लागलाय. आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घेताय?”

“धोंडा पडायचा तर माझ्या पायावर पडू दे. ह्या आठ जणांच्या टाकीत नको.” त्यांचा आवाज चढला नव्हता. मागेल त्याला पाना द्यावा, तितक्या सहज ते बोलले. “आपला तो बाब्या, हे घरात ठीक आहे. मापाला बसलं की सगळीच कार्टी.”

सूनबाईने खाली बघितलं. ज्या गाळ्यासाठी ती गप्प बसली होती, तो ज्याचा होता त्यानेच तो तराजूत घातला होता. आणि त्याच्या चेहऱ्यावर त्यागबिग काही दिसत नव्हतं. कोन किती ठेवावा, एवढाच विचार दिसत होता.

मिस्त्री होडीत उतरले. नांगर पुढच्या टोकाला नेला. टाकी मधल्या फळीखाली सरकवली, कॅन तिच्या पुढे. गोण्या तेवढ्याच, पण दोन पुढे घेतल्या. मग कोन बदलायला इंजिनाची खीळ काढून एक भोक आत घातली. वाकून होडीची कड पाण्याशी कशी बसते ते बघितलं, पुन्हा एक गोणी वीतभर हलवली.

“जा आता. आणि मनात काही ठेवू नकोस. चालव जशी रोज चालवतेस.”

ती गेली. ह्या खेपेला होडी पाण्यावर सपाट बसली आणि सुटली ती अशी, की हातातला दांडा हलका झाला. समोर बेट स्वच्छ दिसत होतं. मागे पाण्याची रेघ सरळ. बेटाच्या वळणावर तिने वेग कमी केला, तेव्हा इंजिन चालू आहे की बंद, हे तिला हात ठेवून बघावं लागलं. हे ज्यानं केलं त्याने स्वतःचंच इंजिन हरवण्यासाठी केलं, हे तिला कळत होतं. तरीही होडी तिने नीट चालवली.

साडेअकरा लिटर.

मापाचं भांडं मिस्त्रींनी उलटं करून झटकलं. “साडेअकरा. कुणाला पुन्हा मोजायचंय?”

कुणालाच मोजायचं नव्हतं. सावकाशने बोटांवर आठवड्याच्या फेऱ्या मोजल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच ‘सावकाश बघू’ न म्हणता म्हणाला, “पुढच्या महिन्यात माझ्या होडीला बसवू.”

“तुझ्या होडीला?” मिस्त्री म्हणाले. “तुझी मागची फळी बोटाने दाबली तरी आत जाते. हे धूड तिच्यावर टांगलंस तर फळीसकट तळाला जाईल. आधी फळी बदल. जाड घे, आतून टेकू दे.”

“आणि माझी?” दुसऱ्याने विचारलं.

“तुझी चालेल. टाकीची जागा मात्र बदलायला लागेल.”

तिसरा आला, चौथा आला. कंपनीच्या माणसाने खिशातली वही काढली आणि मिस्त्रींच्या शेजारी उभा राहून लिहायला लागला. मधेच थांबून म्हणाला, “काका, आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही. पुढच्या धक्क्यांवर माझ्याबरोबर याल?”

“येईन. पण तुमचं ते यंत्र लावून आतलं कसं बघतात, ते आधी मला शिकवा. एकदा दाखवलं की पुरे.” मग ते म्हणाले, “दोनदा दाखवा. वय झालंय.”

“घरातला मिक्सर चालवता येत नाही,” सासूबाई म्हणाल्या. पण बाही त्यांनी केव्हाच सोडली होती. नवऱ्याकडे त्या अशा बघत होत्या, की सूनबाईने नजर दुसरीकडे वळवली.

सावकाशच्या होडीत उतरून मिस्त्रींनी खिशातून मापाची टेप काढली. “सूनबाई, हे टोक धर गं.”

ती उतरली आणि तिने टोक धरलं. फळी दोन जागी मऊ झाली होती.

“मामंजी, मघाशी मी आपणहून सांगायला हवं होतं.”

“विचारल्यावर सांगितलंस ना?” ते टेपवरचा आकडा डोळे बारीक करून वाचत होते. “घट्ट धर. सैल सोडलंस की माप चुकतं.”